पूर्ण हार्ट ब्लॉक, वय ७४: कायमचा पेसमेकर कधी, कोणता, आणि नंतर दवाखान्यात काय बघायचं?

स्नेहलतागंज_जीपी

नमस्कार मंडळी. इंदूरमधल्या एका रुग्णाबद्दल सल्ला हवा आहे. बाई, वय ७४, वजन ४८ किलो, राहणार रामबाग. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल ५० आणि टेल्मिसार्टन ४०, दोन्ही रोज एक. आठवड्यात दोनदा चक्कर येऊन पडल्या. नाडी ३४. ईसीजीत पी लाटा (वरच्या कप्प्याचे ठोके) मिनिटाला ८८ आणि क्यूआरएस (खालच्या कप्प्याचे) ३४. दोघांची चाल पूर्ण वेगळी, म्हणजे पूर्ण हार्ट ब्लॉक. क्यूआरएस रुंद, १५० मिलिसेकंद. दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी घरच्यांनी शोधून दिला. त्यात उजव्या बंडलचा (हृदयातल्या विजेच्या तारेच्या उजव्या फांदीचा) ब्लॉक आणि डावीकडे वळलेला अक्ष आहे. पोटॅशियम ५.७, क्रिएटिनिन १.७, ट्रोपोनिन निगेटिव्ह, थायरॉइड ठीक. इकोत ईएफ (डाव्या कप्प्याची पंपाची ताकद) ५५ टक्के, झडपा ठीक. काल रात्री उजव्या मानेतून टीपीआय (तात्पुरता पेसमेकर) घातला, आता ठोके ७० वर आहेत.

मुलगा आणि सून तीन गोष्टी विचारतात. ब्लॉक रक्तदाबाच्या गोळीनेच झाला असेल तर कायमचा पेसमेकर कशाला? बसवायचाच तर एका वायरचा की दोन वायरचा? आणि डाव्या बंडलमध्ये वायर घालण्याची नवी पद्धत यांना लागेल का? मला स्वतःला याशिवाय हवंय ते असं: घरी आल्यावर साध्या दवाखान्यात, प्रोग्रामर (पेसमेकर तपासायचं यंत्र) नसताना, मी काय तपासू शकतो आणि कशाने घाबरायचं?

मालवा_कार्डिओ

डॉक्टर, पहिल्या प्रश्नावर जरा थांबतो, कारण चूक होते ती तिथेच, आणि दोन्ही बाजूंनी होते. कधी चार दिवसांत आपोआप सुटणाऱ्या ब्लॉकला जन्माची वायर बसते, तर कधी खरा ब्लॉक 'गोळीचा परिणाम' म्हणून घरी जातो आणि पेशंट पुन्हा पडतो.

ॲटेनोलॉल बाहेर पडतं ते किडनीतून. किडनी मंदावली की ते साठतं आणि ठोके कमी होतात. ठोके कमी झाले की किडनीला रक्त कमी, म्हणून पोटॅशियम चढतं, आणि चढलेलं पोटॅशियम ॲटेनोलॉलचा परिणाम आणखी वाढवतं. टेल्मिसार्टन त्यात भर घालतं. हे चक्र तोडण्यासाठी दोन्ही गोळ्या आज बंद करा, पोटॅशियम ५ च्या खाली आणा आणि ४८ ते ७२ तास वाट पाहा. टीपीआय नीट पकडतोय तोवर एवढा वेळ हाताशी आहे.

पण खरं सांगायचं तर या आजींचा ब्लॉक सुटेल असं मला वाटत नाही. ॲटेनोलॉलसारखा बीटा ब्लॉकर एव्ही नोड (दोन कप्प्यांमधला विजेचा दुवा) बंद पाडण्याइतका साठला असता तर सायनस नोडही (ठोका सुरू करणारी जागा) मंदावला असता. इथे पी लाटा ८८ ने चालल्यात. दुसरं म्हणजे क्यूआरएस रुंद आणि दर ३४, म्हणजे ब्लॉक नोडमध्ये नसून हिस बंडलच्या (नोडमधून निघणाऱ्या मुख्य तारेच्या) खाली आहे. तिसरं, तुम्ही मिळवलेला जुना ईसीजी. तीनपैकी दोन फांद्या दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या, आता उरलेली गेली. वयानुसार हृदयातली वहनाची तार तंतुमय होत जाते, त्याचा हा नेहमीचा क्रम आहे. जुना ईसीजी मागायची सवय सर्वांनी लावून घ्यावी. दहा रुपयांचा कागद पुष्कळ वाद मिटवतो.

४८ तासांनी मूळ लय बघताना टीपीआय एकदम बंद करू नका. दर १० ने खाली आणत ४० ते ३० पर्यंत जा, प्रत्येक पायरीवर अर्धा मिनिट थांबा आणि तिथेच ईसीजी काढा. सतत पेसिंग चालू असलेल्या हृदयाची स्वतःची लय दबलेली असते. स्विच बंद केला की सहा-सात सेकंद सपाट रेघ येऊ शकते.

आणि समजा पी-क्यूआरएस पुन्हा एकास एक झाले, तरी प्रश्न संपत नाही. नेहमीच्या डोसच्या गोळीवर ब्लॉक झाला असेल तर आतली तार आधीच दुबळी असण्याची शक्यता मोठी असते, आणि गोळी बंद करूनही पुढे अनेकांना ब्लॉक परत होतो. दोन फांद्या गेलेल्या आणि शुद्ध हरपून पडलेल्या माणसाला मी पेसमेकरशिवाय घरी पाठवणार नाही. न सुटणारा पूर्ण ब्लॉक ठरला की त्रास असो वा नसो, पेसमेकर हवाच. अमेरिकेच्या २०१८ च्या आणि युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना दोन्ही हेच सांगतात.

खरोखर वाट बघावी असे ब्लॉक वेगळे. हृदयाच्या खालच्या भिंतीच्या झटक्यातला ब्लॉक बहुधा आठवडाभरात जातो. आपल्या भागात पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाल्लेला तरुण पेशंट येतो. त्या विषाचं काम डिगॉक्सिनसारखं असतं, आणि त्याला टीपीआयवर दिवस काढून बहुतेकदा मोकळं सोडता येतं. याउलट ६० च्या आतल्या माणसाला कारणाशिवाय पूर्ण ब्लॉक दिसला तर पेसमेकरची डबी बसवण्याआधी सारकॉइड (हृदयातही गाठी करणारा आजार) आणि क्षयाचा विचार करा, शक्यतो एमआरआय आधीच करून घ्या. डबी बसल्यावर चित्रं धुरकट येतात.

आता वायर एक की दोन. आजींचा वरचा कप्पा सायनस लयीत आहे, म्हणून दोन वायर, डीडीडी. वरची वायर सायनसचा ठोका ऐकते आणि १५०-१८० मिलिसेकंदांनी खालची वायर खालचा कप्पा हलवते. एकाच वायरच्या व्हीव्हीआयमध्ये खालचा कप्पा स्वतंत्र चालतो, वरचा कप्पा कधी कधी मिटलेल्या झडपेवर आदळतो. मग मानेत ठोके जाणवतात, उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो, थकवा जात नाही. यालाच पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. मात्र घरच्यांना भीती घालू नका. ७० च्या वरच्या ब्लॉकच्या रुग्णांवरचा यूकेपेस हा मोठा ब्रिटिश अभ्यास २००५ मध्ये छापून आला. त्यात एक वायर आणि दोन वायर यांत मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. फरक रोजच्या वावरात पडतो. कायमचं एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्याची अनियमित थरथर) असेल तर वरची वायर घालण्यात अर्थ नाही. अंथरुणाला खिळलेल्या, अनेक आजार असलेल्या माणसाला एक वायर पुरते.

डाव्या बंडलजवळच्या पेसिंगबद्दल: पूर्ण ब्लॉकमध्ये खालचं पेसिंग जवळजवळ शंभर टक्के असतं. उजव्या बाजूने कायम पेसिंग झालं की डावा कप्पा थोडा उशिरा, आडव्या दिशेने आकुंचन पावतो, आणि काही जणांचा ईएफ काही वर्षांत घसरतो. ईएफ आधीच ५० किंवा त्याखाली असेल तर मी उजव्या बाजूची साधी वायर टाळतो आणि डाव्या बंडलजवळ किंवा तीन वायरच्या यंत्राकडे जातो. ५५ असताना दोन्ही मार्ग चालतात. करणाऱ्याचा हात त्या पद्धतीत बसलेला असेल तर जरूर करावी. नसेल तर मधल्या पडद्यावर नीट लावलेली साधी वायर चांगली, फक्त दरवर्षी इको चुकवू नये.

कॅथलॅब_तंत्रज्ञ

सरांनी निवडीचं सांगितलं, मी टेबलावरचं लिहितो. घरचे सगळे डबीच्या कंपनीबद्दल विचारतात. पूर्ण ब्लॉकच्या माणसाचं आयुष्य खरं म्हणजे वायरच्या टोकावरच्या दोन मिलिमीटर स्क्रूवर असतं. डबी ८ ते १२ वर्षांनी बदलतेच, वायर बहुधा जन्मभर आत राहते.

या आजींच्या बाबतीत तीन धोके आधीच दिसतायत: बारीक अंगकाठी, वय आणि आत असलेली टीपीआयची वायर. तिन्हींमुळे भिंतीला भोक पडण्याची शक्यता वाढते. म्हणून उजव्या कप्प्याच्या टोकाला, जिथे भिंत सर्वांत पातळ असते, स्क्रू लावायचा नाही. मधल्या पडद्यावर लावायचा. ३० ते ४० अंश डाव्या तिरक्या दृश्यात वायरचं टोक मणक्याच्या दिशेला वळलेलं दिसलं म्हणजे पडद्यावर आहे. टोक समोर छातीच्या हाडाकडे दिसलं तर ती मोकळी भिंत. तिथे स्क्रू फिरवू नये.

तयारी अशी. आदल्या दिवशीच डाव्या हाताच्या पुढच्या भागात १८ किंवा २० नंबरचं कॅन्युला. शीर सापडली नाही तर तिथून १० मिली डाय देऊन ॲक्सिलरी शीर दिसते. क्रिएटिनिन १.७ ला एवढा डाय सहसा चालतो, पण गरज असेल तरच. डावी सबक्लेव्हियन (कॉलर बोनखालची) शीर टीपीआयसाठी कधीच वापरू नये, ती बाजू कायमच्या वायरसाठी राखायची. चीर देण्याआधी ६० मिनिटांच्या आत सेफाझोलिन, पेनिसिलिनची गंभीर ॲलर्जी असेल तर व्हॅन्कोमायसिन, आणि ते तासभर आधी सुरू करावं लागतं. चोवीस तासांत ताप असेल तर केस पुढे ढकला. टीपीआय असलेल्यांत आणि ताप असलेल्यांत पुढे डबीला जंतुसंसर्ग जास्त होतो. वॉरफरिन चालू असेल तर बंद करून हेपरिन लावू नका. आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) ३ पर्यंत ठेवून केस करणं अधिक सुरक्षित आहे, हेपरिनवर डबीच्या खिशात रक्त साठण्याचं प्रमाण कितीतरी वाढतं.

कॉलर बोनच्या दोन बोटं खाली ४ ते ५ सेंटीमीटर चीर, लिग्नोकेनच्या भुलीवर. शीर सेफॅलिक उघडून मिळाली तर उत्तम, नाहीतर पहिल्या बरगडीवर ॲक्सिलरी पंक्चर. फार आतल्या बाजूने सबक्लेव्हियन टोचली तर दोन तोटे: फुफ्फुसाला सुई लागते, आणि वायर कॉलर बोन व पहिली बरगडी यांच्यात चिमटून काही वर्षांनी तुटते. दोन वायरना दोन वेगळी पंक्चर करावीत, म्हणजे एक हलवताना दुसरी सरकत नाही.

खालची वायर आधी, ५८ सेंटीमीटरची. वरची ५२ ची, उजव्या कर्णिकेच्या उपांगात. स्क्रू उघडायचे फेरे लीडच्या पत्रकात दिलेले असतात. एक्स-रेच्या पडद्यावर दोन खुणा दूर गेलेल्या दिसल्या की थांबायचं, जास्त पिळलं तर आतला स्प्रिंग जातो. मग आकडे. खालच्या वायरचा थ्रेशोल्ड (ठोका पकडायला लागणारा कमीत कमी जोर) ०.४ मिलिसेकंदाला १ व्होल्टच्या आत, वरच्याचा १.५ च्या आत. वायरला ऐकू येणारी आर लाट (खालच्या कप्प्याचा सिग्नल) ५ मिलिव्होल्टच्या वर, पी लाट १.५ ते २ च्या वर. इम्पीडन्स (वायरमधला विजेचा अडथळा) ४०० ते १२०० ओहम. स्क्रू लावल्याबरोबर थ्रेशोल्ड थोडा जास्त येतो आणि पाच-दहा मिनिटांत उतरतो. म्हणून १.६ दिसला की लगेच वायर काढू नका. सिग्नलमध्ये स्क्रू टोचल्याच्या इजेची उंच रेघ दिसत असेल तर पकड चांगली आहे, थांबा. रेघ नसेल आणि थ्रेशोल्डही उतरत नसेल, तर मात्र जागा बदला. शेवटी १० व्होल्टवर पेस करून पोटाचा पडदा उडत नाही ना ते बघा. पेशंटला खोल श्वास घ्यायला आणि खोकायला लावा. वायरला हृदयात सैल वळण दिसलं पाहिजे. खोल श्वासात ती ताणली जात असेल तर उभं राहिल्यावर निसटणार.

वायर तिच्यावरच्या रबरी बाहीवरूनच स्नायूला न विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधायची, उघड्या वायरवर गाठ मारली तर इन्सुलेशन कापलं जातं. पिन पुसून कोरडी करा, डबीच्या छिद्रात स्क्रूच्या पुढे टोक दिसेपर्यंत सारा, पाना टिकटिक वाजेपर्यंत फिरवा, मग हलका हिसका देऊन बघा. टेबलावरची सर्वांत लाजिरवाणी आणि सर्वांत टाळता येण्यासारखी चूक ही सैल स्क्रूची. केस संपते, टीपीआय काढतात आणि तासाभरात पेसिंग मधूनमधून सुटू लागतं. वरची आणि खालची वायर उलट छिद्रांत जाणंही तितकंच टाळता येतं. मोठ्याने 'वरची, वरच्या छिद्रात' असं म्हणून दुसऱ्याकडून होकार घ्यावा.

वायरची वेटोळी डबीच्या मागे ठेवा. पुढे ठेवली तर दहा वर्षांनी डबी बदलताना चाकूखाली पहिली वायर येते. ४८ किलोच्या बाईंना कातडीखाली चरबी नसते, तेव्हा डबी कडेला टोचून कातडी पातळ होते. लहान डबी निवडा, गरज वाटली तर स्नायूच्या खाली खिसा करा.

टीपीआयची वायर एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघतच काढायची. नव्या वायरला तिचं वेटोळं अडकलेलं असतं आणि वॉर्डात ओढली की नवा स्क्रूही उपसून येतो.

स्नेहलतागंज_जीपी

दोघांचेही मनापासून आभार. ५० तास झाले. पोटॅशियम ४.५, क्रिएटिनिन १.३. दर ३५ पर्यंत आणून पाहिला, पूर्ण ब्लॉक तसाच, क्यूआरएस तसाच रुंद. घरच्यांनी दोन वायरच्या पेसमेकरला होकार दिलाय, परवा सकाळी केस. आजी ७० च्या वर असल्याने आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय. आता पुढच्या भागाबद्दल कोणी सांगेल का? आणि सून विचारते आहे की घरात इंडक्शनची शेगडी आहे, ती काढायची का.

पेसिंग_क्लिनिक

कार्डाचं आधी. वर्षाला ५ लाखांचं ते संरक्षण आहे, पण पूर्वमंजुरी लागते. अर्जासोबत ब्लॉक स्पष्ट दिसणारी लांब रिदम पट्टी, टीपीआयची नोंद आणि गोळ्या बंद करून ४८ तासांनी काढलेला ईसीजी जोडा. तो तिसरा कागद नसला की 'कारण सुटणारं नाही ना' अशी विचारणा येते आणि टीपीआयवर दिवस वाढतात.

प्रोग्रामिंग. ब्लॉकच्या पेशंटला साधारण असं: डीडीडी, खालचा दर ६०, वरचा १२० ते १३०, एव्ही अंतर (वरच्या ठोक्यापासून खालच्यापर्यंतचा वेळ, मिलिसेकंदांत) ऐकलेल्या ठोक्यामागे १५० आणि पेस केलेल्यामागे १८०. पहिले तीन महिने दोन्ही वायरना ३.५ व्होल्ट, ०.४ मिलिसेकंद. वायरच्या टोकाभोवती सूज येऊन थ्रेशोल्ड आधी चढतो, मग बसतो. तीन महिन्यांनी खालच्या वायरला थ्रेशोल्डच्या दुप्पट व्होल्ट ठेवला की बॅटरी बरीच वाचते. खालचं पेसिंग कमी करणारी जी सोय सायनसच्या आजारासाठी असते, ती ब्लॉकमध्ये बंद ठेवायची. चालू राहिली तर यंत्र मुद्दाम ठोका गळू देतं आणि 'पेसमेकर बसवूनही चक्कर येते' अशी तक्रार येते. सायनस स्वतःहून चढतोय तोवर रेट रिस्पॉन्सची (हालचाल ओळखून दर वाढवणाऱ्या सोयीची) गरज नाही.

वेळापत्रक: सुट्टीच्या आधी एकदा तपासणी आणि समोरून व बाजूने असे दोन एक्स-रे, ६ ते १२ आठवड्यांनी एकदा, मग दर ६ ते १२ महिन्यांनी, बॅटरी संपत आली की दर ३ महिन्यांनी. खरगोन, बडवानी, झाबुआकडचे पेशंट दुसऱ्या तपासणीला येत नाहीत, कारण बरं वाटत असतं. त्यांचं आउटपुट मग ३.५ वरच राहतं आणि डबी काही वर्षं आधीच संपते. सुट्टीच्या कागदावर तारीख लिहूनच द्या.

आता तुमचा दवाखाना. पहिलं, ईसीजी मशीनचा फिल्टर. ४० हर्ट्झवर ठेवला तर हल्लीच्या बायपोलर पेसिंगची काडी (बारीक उभी रेघ) कागदावर दिसतच नाही, आणि 'पेसमेकर चालत नाही' म्हणून पेशंट रात्री धावत आणतात. फिल्टर १५० हर्ट्झवर करा. तरीही काडी न दिसता पी मागोमाग ठराविक अंतराने रुंद क्यूआरएस येत असेल, तर यंत्र नीट चाललंय. उजव्या टोकाच्या किंवा पडद्यावरच्या पेसिंगचा क्यूआरएस डाव्या बंडलच्या ब्लॉकसारखा दिसतो. तो अचानक उजव्या बंडलसारखा झाला, सोबत छातीत दुखणं किंवा उचकी, तर वायर भिंतीपार गेल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी इको करा. डाव्या बंडलजवळची वायर असेल तर मात्र तसा आकार अपेक्षितच असतो, म्हणून कार्डावर वायरची जागा लिहून घ्या.

दुसरं, घरचं रक्तदाबाचं मशीन किंवा बोटाचं ऑक्सिमीटर नाडी ३८ दाखवतं. बहुतेक वेळा एकाआड एक एक्स्ट्रा ठोका असतो, तो मनगटापर्यंत पोचत नाही. हृदयाचे ठोके स्टेथोस्कोपने पूर्ण एक मिनिट मोजा, मग ईसीजी. यंत्र ६० ला लावलंय आणि स्टेथोस्कोपने ५० च्या खाली मोजले जातायत, किंवा काडीमागे क्यूआरएस येत नाही, तर थांबू नका, पाठवा. काहींना रात्रीचा दर ५० लावलेला असतो, तेही कार्डावर बघा.

तिसरं, डबीवर साधं गोल चुंबक ठेवल्यावर दर ठराविक आकड्यावर जातो. मेडट्रॉनिकची डबी चांगल्या बॅटरीत ८५ देते आणि बदलायची वेळ आली की ६५. बायोट्रॉनिकची ९० वरून ८० वर येते, बोस्टन सायंटिफिकची १०० वरून ८५ वर. चुंबक काढलं की मूळ दर परत. ज्या गावात प्रोग्रामर नाही तिथे एवढ्यावरून बॅटरीचा अंदाज येतो. मात्र मोबाईल फोनच्या मागचं चुंबक किंवा दागिन्याची चुंबकी कडी शर्टाच्या छातीवरच्या खिशात राहिली तरी हाच प्रकार घडतो, हे पेशंटला सांगा.

आकड्यांचा अर्थही लक्षात ठेवा. रिपोर्टमध्ये इम्पीडन्स २००० च्या पुढे उडाला तर वायर तुटली किंवा स्क्रू सैल, २०० च्या खाली गेला तर इन्सुलेशन फाटलं. पहिल्या सहा आठवड्यांत इम्पीडन्स ठीक असून थ्रेशोल्ड चढला, तर वायर सरकली असं समजून एक्स-रे जुन्या एक्स-रेशी ताडून बघा. वरची वायर खालच्यापेक्षा जास्त वेळा निसटते.

वॉर्ड_सिस्टर

टीपीआयवर असताना घ्यायची काळजी कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. दर आठ तासांनी थ्रेशोल्ड बघायचा. तो १ मिलिॲम्पिअरच्या आत हवा आणि आउटपुट त्याच्या दोन ते तीन पट. खोक्याची नवी बॅटरी पलंगाशीच ठेवायची. जोडणीच्या तारा गाऊनला पिनने अडकवायच्या नाहीत, कूस बदलताना ओढल्या जातात. बाहेरून पेस करणारे पॅड छातीवर लावून ठेवावेत.

पेसमेकर बसल्यावर हाताबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात. डावा हात ४ ते ६ आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे माळ्यावरचा डबा काढणं, केसांची वेणी स्वतः घालणं, पाण्याची बादली उचलणं नाही. पण हात गळ्यात बांधून महिनाभर ठेवला तर खांदा आखडतो आणि तो दुखणं वायरपेक्षा वाईट. दुसऱ्या दिवसापासून कोपर आणि खांदा कमरेच्या उंचीपर्यंत हलवत राहायचं. मालीशवाल्या बाईंना त्या खांद्याला हात लावू देऊ नका.

जखम टाके निघेपर्यंत, साधारण ७ ते १० दिवस, कोरडी. आपल्याकडे रंगपंचमीच्या गेरीच्या (रंगाच्या मिरवणुकीच्या) दिवसांत केस झाली असेल तर राजवाड्याच्या आसपासच्या गर्दीत आणि टँकरच्या पाण्यात महिनाभर तरी जाऊ नये. जखमेवर हळद, कुंकू, भस्म काहीही लावायचं नाही.

खिशावर सूज आली तर सुईने रक्त काढायचं नाही. हे मी आपल्या जीपी मंडळींना हात जोडून सांगते. सुईबरोबर जंतू आत जातात. रक्त साठलं तर जंतुसंसर्गाची शक्यता आधीच सुमारे सात पट होते. दाबपट्टी, आराम, आणि सूज वाढत असेल किंवा कातडी ताणून चमकू लागली तर बसवणाऱ्या डॉक्टरांकडे. कातडीतून डबीची कड किंवा वायर दिसली, एक थेंब पू आला, किंवा महिन्यांनी कारणाशिवाय ताप आला, तर नुसत्या गोळ्यांचा कोर्स देऊ नका. डबी आणि वायर सगळं काढावं लागतं. अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताचे कल्चर घ्या.

इंडक्शनची शेगडी काढायला नको, चालू असताना छाती तिच्यापासून ६० सेंटीमीटर लांब ठेवायची, म्हणजे वाकून ढवळायचं नाही. गॅसवर करता येत असेल तर अधिक बरं. मिक्सर, टीव्ही, फ्रिज, गीझर यांचा त्रास नाही. मोबाईल उजव्या कानाला, डबीपासून १५ सेंटीमीटर दूर. गणपतीतल्या मोठ्या स्पीकरला टेकून उभं राहू नये. आर्क वेल्डिंग नको. फिजिओथेरपीत शॉर्टवेव्ह डायथर्मी कधीच नाही.

एक अवघड गोष्ट घरातल्या एका जबाबदार माणसाला सांगून ठेवावी. मृत्यूनंतर दहनाआधी डबी काढावी लागते, कारण आतली लिथियम बॅटरी उष्णतेने फुटते आणि जवळच्या माणसाला इजा होते. लहानशी चीर देऊन डॉक्टर पाच मिनिटांत काढतात. वायर आत राहिली तरी चालते. हे आयत्या वेळी कोणाला आठवत नाही, म्हणून पेसमेकरच्या कार्डामागेच लिहून ठेवा.

मालवा_कार्डिओ

दोन भर. पुढे कधी मोतीबिंदू, पित्ताशय किंवा मांडीच्या हाडाचं ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना 'पूर्ण अवलंबून' हे दोन शब्द कळले पाहिजेत. कॉटरीचा (विजेने कापायच्या आणि रक्त थांबवायच्या यंत्राचा) आवाज डबीला हृदयाचा ठोका वाटतो आणि ती पेसिंग थांबवते. बेंबीच्या वर कॉटरी वापरायची असेल तर यंत्र आधी डीओओवर (काही न ऐकता ठराविक दराने पेस करणाऱ्या मोडवर) करून घ्या किंवा चुंबक ठेवा, कॉटरीची पट्टी मांडीवर लावा, शक्य तिथे बायपोलर वापरा. संपल्यावर मूळ प्रोग्राम परत लावलाय ना, ते बघूनच पेशंट वॉर्डात पाठवा.

एमआरआयचं: डबी आणि दोन्ही वायर एकाच मान्य जोडीतल्या असतील तरच यंत्र एमआरआयला चालणारं ठरतं. एका कंपनीची डबी आणि दुसरीची वायर असेल तर ती सवलत जाते. बसवल्यापासून सहा आठवडे सोडून, एमआरआय मोड लावून, मॉनिटरसमोर. म्हणून केसच्या वेळीच डबी आणि दोन्ही वायरचे मॉडेल क्रमांक लिहून घ्या, आजींच्या पिशवीत एक प्रत आणि तुमच्या फाइलमध्ये एक.

स्नेहलतागंज_जीपी

केस झाली. खालच्या वायरचा थ्रेशोल्ड ०.६ व्होल्ट, इम्पीडन्स ६८०, वरच्याचा ०.८, पी लाट २.९. एक्स-रेत फुफ्फुस ठीक, वायरला वळण आहे. टेल्मिसार्टन सध्या बंद, रक्तदाब ॲम्लोडिपिन ५ वर १३८/८०. पोटॅशियम आठवड्याने पुन्हा करतो. दवाखान्यातल्या ईसीजी मशीनचा फिल्टर आज तपासला, ४० वरच होता. १५० वर केलाय.